हा आकडा कुणाचा?

डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा हा लसिका ग्रंथींचा झपाट्याने वाढणारा कर्करोग आहे, पण पहिल्याच उपचारात अर्ध्याहून अधिक रुग्ण त्यातून कायमचे बरे होतात. आर-चॉप या पाच औषधांच्या केमोनंतर माझा पेट-सीटी, म्हणजे सक्रिय गाठी चमकून दिसतात ते स्कॅन, स्वच्छ आला, पुढची दोन-अडीच वर्षं तपासण्या ठीक आल्या आणि मीही स्वतःला त्या बऱ्या झालेल्यांत धरून चालू लागले. मग मानेला पुन्हा गाठ लागली.

डॉक्टर मॅडमनी सगळ्यात आधी बायोप्सी पुन्हा करायला लावली. पेटमध्ये चमकणारी प्रत्येक गाठ लिम्फोमाची नसते, जंतुसंसर्गही चमकतो. आणि लिम्फोमा असला तरी तो पूर्वीच्याच जातीचा असेल याची खात्री नसते. आजार उलटल्याची भीती वाटत असताना सुईच्या तपासणीवर भागवू नका, गाठीचा नीट तुकडा काढून तपासून घ्या, असं मी आता कुणालाही सांगेन. पुढचे सगळे निर्णय त्या तुकड्यावर उभे राहतात.

रिपोर्ट आला. आजार तोच होता आणि उलटला होता. मॅडम म्हणाल्या, “आता दुसऱ्या फळीची केमो देऊ. गाठी विरघळल्या तर तुमच्याच स्टेम सेल, म्हणजे रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी, काढून गोठवून ठेवू, मग खूप मोठ्या डोसची केमो देऊ आणि त्या सेल परत सोडू. विरघळल्या नाहीत, तर वेगळा विचार करावा लागेल.”

दादा माझ्याबरोबर होता. त्याच्या डोक्यात ‘मोठ्या डोसची केमो’ राहिली, माझ्या डोक्यात ते ‘तर’. उपचार इतका जालीम असेल, तर गाठी आधीच विरघळलेल्या असण्याची अट कशाला? ज्याच्या गाठी हटत नाहीत त्यालाच त्याची जास्त गरज नाही का? या प्रश्नानेच मला मूळ शोधनिबंधांकडे नेलं.

उत्तर बरंच जुनं निघालं. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात उलटलेल्या किंवा न हटलेल्या लिम्फोमाच्या १०० रुग्णांची हकिकत आहे. सगळ्यांना मोठ्या डोसची केमो आणि बोन मॅरोचं, म्हणजे रक्तपेशी बनवणाऱ्या हाडांतल्या मगजाचं, प्रत्यारोपण मिळालं होतं. त्यांचे तीन गट केले तेव्हा चित्र लख्ख दिसलं. ज्यांचा आजार कधीच पूर्ण हटला नव्हता, त्यांच्यापैकी तीन वर्षांनी आजारमुक्त असं कुणीच उरलं नाही. आजार हटून उलटला आणि नंतरच्या केमोला दाद देईना, अशांपैकी १४% आजारमुक्त राहिले. उलटल्यावरही जो केमोला दाद देत होता, अशांपैकी ३६%. प्रक्रिया एकच, पण आजार औषधाला वाकतो की नाही यावर फळ ठरत होतं. जी गाठ नेहमीच्या डोसला अजिबात हलत नाही, ती मोठ्या डोसलाही बहुधा हलत नाही. आणि त्या डोसची शिक्षा शरीर मात्र पुरेपूर भोगतं. ‘तर’ तिथून आलं होतं.

मॅडमच्या टेबलावर पुढच्या भेटीत मी पार्मा अभ्यासाची प्रत ठेवली. १९९५ चा हा अभ्यास उलटलेल्या आक्रमक लिम्फोमासाठी प्रत्यारोपणाचा पायाच मानला जातो. त्यात आलेल्या २१५ रुग्णांना आधी नेहमीच्या डोसची दुसऱ्या फळीची केमो दोनदा दिली. ज्यांनी दाद दिली त्यांच्यातल्या १०९ जणांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला तीच केमो पुढे चालू ठेवली, दुसऱ्याला मोठा डोस आणि स्वतःचाच मॅरो परत. पाच वर्षांनंतर आजार न उलटता जिवंत असलेले प्रत्यारोपणाच्या गटात ४६% होते, दुसऱ्या गटात १२%. नुसतं जिवंत असणं मोजलं तर ५३% आणि ३२%.

मला ५३ दिसले आणि मी त्यांना धरून बसले. मॅडमनी प्रत हातात घेतली, पान उलटलं आणि शांतपणे विचारलं, “हा आकडा कुणाचा आहे, पाहिलंत?”

मग त्यांनी एकेक दाखवलं. हे रुग्ण ६० वर्षांच्या आतले. त्यांच्या बोन मॅरोत किंवा मेंदूत आजार नव्हता. २१५ पैकी निम्म्याच्या आसपासच चिठ्ठीपर्यंत पोचले, उरलेले त्या ५३ मध्ये नाहीतच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यातल्या कुणालाही पहिल्या उपचारात रिटुक्सिमॅब, म्हणजे आर-चॉपमधला ‘आर’, मिळालेलं नव्हतं, कारण ते औषध बाजारात आलंच १९९७ मध्ये. “तुम्हाला ते मिळालं होतं. रिटुक्सिमॅब घेऊनही जो आजार उलटतो, तो थोडा अधिक चिवट असतो. तुमच्यासारख्यांचा आकडा दुसरीकडे शोधायला हवा.”

तो होता कोरल नावाच्या अभ्यासात, २०१० सालच्या. तिथे दुसऱ्या फळीच्या दोन केमोंची तुलना होती, आर-आइस आणि आर-डीएचएपी. दोन्हींत फरक निघाला नाही, म्हणून आजही डॉक्टर त्यातली निवड रुग्णाची किडनी, कान आणि सोय पाहून करतात. पण मला त्याच निबंधातली दुसरी गोष्ट हवी होती. पहिल्या निदानापासून वर्षाच्या आत ज्यांचा आजार उलटला, त्यांच्यापैकी तीन वर्षांनी २०% लोक पुन्हा न उलटता ठीक होते. वर्षानंतर ज्यांचा उलटला, त्यांच्यापैकी ४५%. माझा बराच उशिरा उलटला होता. म्हणजे माझी माणसं ही दुसऱ्या ओळीतली.

दादाचं तेवढ्याने समाधान झालं नाही. त्याने कार-टीबद्दल वाचलं होतं. रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, काढायच्या, लिम्फोमाच्या पेशीवरची सीडी१९ ही खूण ओळखता येईल असा जनुकीय बदल त्यांच्यात करायचा आणि त्या परत सोडायच्या. “हे नवं आहे, अधिक चांगलं आहे, मग आपण जुनं का घ्यायचं?” असा त्याचा सरळ प्रश्न. माझ्यासाठी त्याने रात्री जागवल्या होत्या, त्यामुळे हा प्रश्न मला मॅडमपुढे पूर्ण मांडायचाच होता.

मांडला. झुमा-७ नावाच्या अभ्यासात ३५९ रुग्ण होते. कार-टी घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी ४१% जण आजार न वाढता ठीक होते. नेहमीचा मार्ग, म्हणजे केमो आणि जमलं तर प्रत्यारोपण, घेतलेल्यांपैकी १६%. या निकालानंतर २०२२ मध्ये दुसऱ्या फळीतच कार-टी देण्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. आकडे निर्विवाद वाटतात. पण पुन्हा तोच प्रश्न. त्या ३५९ जणांत प्रवेश कुणाला होता? ज्यांचा आजार पहिल्या उपचाराला बधलाच नाही किंवा वर्षाच्या आत उलटला, फक्त त्यांनाच. नेहमीच्या मार्गाने गेलेल्यांपैकी प्रत्यारोपणापर्यंत पोचले अवघे ३६%, कारण बाकीच्यांचा आजार मधल्या केमोलाच जुमानला नाही. ज्यांच्या बाबतीत प्रत्यारोपण मुळात कमी पडतं, त्यांच्यासाठी केलेला हा अभ्यास होता आणि त्यांचं आयुष्य त्याने खरोखर बदललं. त्याच धर्तीच्या आणखी दोन अभ्यासांपैकी एकात, वेगळं कार-टी औषध वापरून, फायदा दिसला आणि एकात दिसला नाही. उशिरा उलटलेला आणि केमोला दाद देणारा माझ्यासारखा रुग्ण या तिन्हींत नव्हता. “कार-टी तुमच्यासाठी राखून ठेवू,” मॅडम म्हणाल्या. “गाठी विरघळल्या नाहीत तर तोच माझा दुसरा विचार आहे.”

दादाने वही मिटली. त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्यांदा निवांत घरी गेलो.

आता हे सगळं चालतं कसं, ते थोडं सांगायला हवं, कारण माझ्या ओळखीच्या बहुतेकांना वाटत होतं की स्टेम सेल शरीरात जाऊन कर्करोगाशी लढतात. माझ्या प्रकारच्या प्रत्यारोपणात तसं काही घडत नाही. कर्करोग मारते ती केमो. स्टेम सेल असतात त्या केमोने उद्ध्वस्त केलेला मॅरो पुन्हा उभा करायला. दुसऱ्या दात्याच्या पेशी घेतल्या, तर त्या दात्याची प्रतिकारशक्ती कर्करोगावरही हल्ला करते, पण मग ती रुग्णाच्या शरीरावरही करू शकते. तो मार्ग निराळा आणि अधिक धोक्याचा.

केमोचा डोस वाढवायला खरा अडसर नेहमी मॅरोचाच होता. १९४२ साली येल विद्यापीठात लिम्फोसार्कोमाच्या, म्हणजे आज ज्याला लिम्फोमा म्हणतात त्या आजाराच्या, एका रुग्णाला नायट्रोजन मस्टर्ड दिलं गेलं. युद्धात वापरायच्या विषारी रसायनांच्या अभ्यासातून ते पुढे आलं होतं. गाठी विरघळल्या, सगळे थक्क झाले, आणि थोड्याच काळात त्या परत आल्या. आणखी द्यावं, तर रक्तपेशीच संपत होत्या. युद्धकाळातल्या गुप्ततेमुळे हे १९४६ पर्यंत छापूनही आलं नाही. मॅरो बाहेरून देता येईल का, हे एडवर्ड डॉनल थॉमस यांनी पाहिलं. १९५७ सालच्या त्यांच्या निबंधातले सहाच्या सहा रुग्ण दगावले. ते थांबले नाहीत, आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मधे १९६१ मध्ये टोरांटोत टिल आणि मॅकलक यांनी किरणोत्सर्गाने मॅरो नष्ट केलेल्या उंदरांना मॅरोच्या पेशी टोचल्या. उंदरांच्या प्लीहेवर बारीक गाठी उगवल्या. एकेक गाठ एकाच पेशीपासून वाढते आणि त्या एका पेशीतून वेगवेगळ्या रक्तपेशी तयार होतात, हे त्या कामातून उलगडत गेलं. पुढे लिम्फोमाच्या रुग्णांचा स्वतःचा मॅरो गोठवून, मोठ्या केमोनंतर परत देऊन तो रुजतो, हे १९७८ च्या सुमारास दाखवलं गेलं. त्या सहा जणांचा विचार मी अनेकदा केला आहे. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत, पण माझ्या उपचाराची सुरुवात त्यांच्यापासून होते.

दुसऱ्या फळीची केमो आर-चॉपपेक्षा जड गेली. त्याबद्दल फार लिहीत नाही. ज्यांनी केमो घेतली आहे त्यांना कळेल. त्यानंतरच्या पेटची वाट पाहणं मात्र केमोपेक्षा कठीण होतं, कारण सगळं त्या ‘तर’वर येऊन थांबलं होतं. पेटचा निकाल डोविल स्कोअरने सांगतात, एक ते पाच. गाठीची चमक छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या आणि यकृताच्या चमकेशी ताडून पाहतात. तीनपर्यंत असेल तर आजार पूर्ण हटला असं साधारणपणे धरतात. माझा दोन आला. मी दादाला फोन केला आणि बोलता येईना, तेव्हा तोच म्हणाला, “दोन ना? कळलं मला.”

मग तपासण्यांचा मारा. हृदयाची सोनोग्राफी, फुप्फुसांची क्षमता, किडनी, कावीळ आणि एचआयव्हीच्या चाचण्या, दात. दात का, असं वाटेल. पण पांढऱ्या पेशी शून्यावर जातात तेव्हा एखाद्या किडक्या दातातून जंतू थेट रक्तात उतरू शकतात. फुप्फुसं तपासतात, कारण पुढच्या केमोतलं कारमुस्टीन त्यांना इजा करू शकतं. इथे एक गोष्ट तरुण रुग्णांसाठी मुद्दाम लिहिते. या उपचाराने मूल होण्याची क्षमता बहुतेकदा जाते. शुक्राणू, स्त्रीबीज किंवा भ्रूण गोठवून ठेवायचं असेल तर ते आधीच, शक्यतो पहिल्या उपचाराच्याही आधी, विचारा. डॉक्टर घाईत असतील तरी विचारा.

स्टेम सेल काढायला आता मॅरोत सुया घालाव्या लागत नाहीत. जी-सीएसएफची इंजेक्शनं देऊन त्यांना मॅरोतून रक्तात उतरवतात. रक्तातून घेतलेल्या सेल आणि मॅरोतून घेतलेल्या सेल यांची तुलना लिम्फोमाच्या ५८ रुग्णांवर झाली, ती १९९६ मध्ये छापून आली; रक्तातल्या सेल मिळालेल्यांच्या प्लेटलेट १६ दिवसांत सावरल्या, मॅरोवाल्यांच्या २३ दिवसांत. प्लेटलेटविना काढलेला एक आठवडा म्हणजे काय, हे वॉर्डात राहिलेल्याला कळतं. अभ्यास लहान, पण त्याचा फायदा माझ्यापर्यंत थेट पोचला.

इंजेक्शनांनी कंबर आणि छातीचं हाड आतून ठणकू लागलं. मॅरो फुगतोय, म्हणजे काम होतंय, असं सिस्टर म्हणाल्या. पण रक्तातल्या सीडी३४ पेशी (स्टेम सेल याच खुणेवरून ओळखतात) मोजल्या, तर त्या हव्या तितक्या उतरल्याच नव्हत्या. शरीराच्या दर किलो वजनामागे निदान २० लाख सेल लागतात, ५० लाख मिळाल्या तर उत्तम. आधीच्या केमोंनी माझा मॅरो थकला होता.

तेव्हा प्लेरिक्साफोर दिलं गेलं. या औषधाची गोष्ट मला फार आवडते. ते एचआयव्हीसाठी तपासलं जात होतं. विषाणू पेशीत शिरताना ज्या सीएक्ससीआर४ या कडीचा आधार घेतो, ती बंद करायची अशी कल्पना होती. तिथे ते फारसं चाललं नाही, पण ज्यांना दिलं त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या. कुणीतरी ते दुष्परिणामाच्या रकान्यात टाकून पुढे गेलं नाही. स्टेम सेल मॅरोत अडकून राहतात त्या याच कडीने, हे लक्षात आलं, आणि कडी सोडवणारं औषध म्हणून ते पुन्हा तपासलं गेलं. लिम्फोमाच्या २९८ रुग्णांत जी-सीएसएफबरोबर ते दिलं, तेव्हा ५९% जणांच्या ५० लाख सेल चार दिवसांच्या आत जमल्या. नुसत्या जी-सीएसएफवर २०%. २००८ मध्ये ते मंजूर झालं. माझ्या पोटात ते रात्री टोचलं आणि सकाळी सीडी३४ चा आकडा कितीतरी पटींनी वर गेला.

अफेरेसिसचं मशीन एका नळीने रक्त घेतं, फिरवून त्यातला स्टेम सेलचा थर वेगळा काढतं आणि बाकीचं दुसऱ्या नळीने परत देतं. काही तास पडून राहायचं. रक्त गोठू नये म्हणून मिसळलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम उतरतं, ओठांना मुंग्या येतात. तसं झालं की लगेच सांगायचं, कॅल्शियम देतात. पिशवीत जमलेला द्रव टोमॅटोच्या सारासारखा दिसत होता. त्यात डीएमएसओ हे द्रव्य मिसळून, गोठताना पेशी बर्फाच्या कणांनी फुटू नयेत अशी काळजी घेऊन, द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात, उणे १९६ अंशांपर्यंतच्या थंडीत.

त्यानंतर मला गाळलेल्या हवेच्या खोलीत घेतलं. तिथे दिवस उलटे मोजतात. माझी मोठी केमो बीम होती: कारमुस्टीन, इटोपोसाइड, सायटाराबीन आणि शेवटी मेल्फालान. उणे सहापासून उणे एकपर्यंत रोज काही ना काही चालूच. मेल्फालानच्या वेळी सिस्टरनी तोंडात बर्फ धरायला सांगितला, आधी, दरम्यान आणि नंतरही. थंडीने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं आणि पुढचे फोड कमी येतात. ते औषध रक्तात फार काळ टिकत नाही, म्हणूनच एवढा साधा उपाय चालतो, आणि तो अभ्यासांनी सिद्ध झालेला आहे. जबडा बधिर होतो, दात शिवशिवतात. तरीही बर्फ थुंकू नका.

शून्याचा दिवस पाहणाऱ्यांना अगदीच साधा वाटतो. गोठवलेल्या पिशव्या खोलीजवळ आणून कोमट पाण्यात विरघळवतात, दोन जणी नाव आणि नंबर मोठ्याने ताडून पाहतात आणि रक्त चढवावं तशी पिशवी चढते. काही मिनिटांत संपते. डीएमएसओ श्वासातून बाहेर पडतं तेव्हा त्याला लसणासारखा उग्र वास येतो. मला फार जाणवला नाही, पण दादाने मास्कवर हात दाबला. सेल रक्तातून फिरत स्वतःच मॅरोत जाऊन बसतात, कुणी त्यांना वाट दाखवत नाही. ज्या कडीने त्या अडकलेल्या होत्या आणि औषधाने सोडवल्या होत्या, तीच त्यांना परत घेऊन जाते. मला त्या क्षणी हे माहीत होतं, आणि माहीत असल्यामुळे मी त्या पिशवीकडे किती मायेने पाहिलं, ते सांगता येणार नाही.

खरी परीक्षा नंतर. पांढऱ्या पेशी उतरत उतरत मोजण्यापलीकडे गेल्या. तोंडापासून खालपर्यंत सगळं अस्तर सोललं. बर्फ धरूनही फोड आले, आणि न धरता काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. स्वतःची थुंकी गिळता येईना, तेव्हा मॉर्फिन सुरू केलं. ते घ्यायला मी कचरत होते. सिस्टर म्हणाल्या, “ताई, दुखणं सोसल्याने सेल लवकर रुजत नाहीत.” मी घेतलं. ताप चढला त्या रात्री तासाभराच्या आत रक्ताचे नमुने गेले आणि भारी अँटिबायोटिक सुरू झालं. या दिवसांत ताप म्हणजे रिपोर्टची वाट पाहायची गोष्ट नव्हे. प्लेटलेट आणि रक्त चढवलं, तेही किरणोत्सर्ग दिलेलं, म्हणजे दात्याच्या जिवंत लिम्फोसाइट माझ्या शरीरात रुजून हल्ला करू नयेत. स्वतःच्या सेलच्या प्रत्यारोपणात शंभरातले काही थोडे रुग्ण उपचारामुळेच दगावतात. हे मला आधी सांगितलं होतं, मी सही केली होती, आणि त्या रात्री ते आठवलंही.

दुसरा आठवडा सरत असताना सकाळच्या रिपोर्टात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या रकान्यात पहिल्यांदा आकडा दिसला. फारच लहान. दुसऱ्या दिवशी दुप्पट. सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या की सेल रुजल्या म्हणतात. रुजल्या. तोंड त्यानंतर इतक्या भराभर भरून आलं की माझा विश्वास बसेना.

घरी येणं म्हणजे बरं होणं नाही, हे मात्र कुणी पुरेसं ठासून सांगत नाही. जिना चढून आलं की बसावं लागायचं. वाचलेलं डोक्यात राहायचं नाही. नागीण होऊ नये म्हणून असायक्लोविर आणि न्यूमोनियाच्या एका खास जातीसाठी दुसरी गोळी कित्येक महिने चालू राहिली. जुन्या लसींचं संरक्षण बरंचसं पुसलं जातं, म्हणून साधारण सहा महिन्यांनंतर लहान मुलांसारख्या लसी नव्याने घ्यायच्या. गोवरासारख्या जिवंत विषाणूंच्या लसी दोन वर्षांनंतरच, आणि त्याही प्रतिकारशक्ती पुरेशी सावरली असेल तर. मॅरोला या केमोने जी इजा होते, तिच्यातून पुढे कधी दुसरा रक्ताचा आजार उद्भवू शकतो. त्यासाठी रक्ततपासणी वर्षानुवर्षं चालू राहते. घरच्यांनी हे वाचत असाल तर एवढं करा: पहिले काही महिने ‘आता बरं वाटतंय ना?’ असं विचारू नका. काय करून देऊ, ते विचारा.

एका तपासणीला मॅडमनी मला पुन्हा पार्माचा आलेख दाखवला. या वेळी टक्के दाखवायला नव्हे. त्यांनी रेषेवर बोट ठेवलं. सुरुवातीला ती तीव्र उतरते आणि नंतर जवळजवळ आडवी होते. या लिम्फोमात प्रत्यारोपणानंतर आजार उलटायचा असेल, तर बहुतांशी पहिल्या दोन वर्षांत उलटतो. म्हणजे पहिल्या दिवशी माझ्यापुढे जो आकडा होता, तो दोन वर्षं नीट गेलेल्या माणसाचा राहत नाही. त्याच आलेखात मी जागा बदलली होती. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर, असं वाटून मी ते आता भेटेल त्या रुग्णाला सांगते: एकच टक्केवारी मनात कोरून ठेवू नका, रेषा कुठे आडवी होते ते विचारा.

तपासणीच्या रांगेत एक बाई भेटल्या. वयाने माझ्याहून मोठ्या, मँटल सेल लिम्फोमा नव्याने निघालेला. प्रत्यारोपण सांगितलंय, तुम्ही कसं सोसलंत, असं विचारत होत्या. मी माझं सांगायला सुरुवात केली आणि थांबले, कारण त्यांचा आजार माझा नव्हता. मँटल सेलमध्ये कित्येक वर्षं पहिल्या उपचारातच प्रत्यारोपण करायची रीत होती. २०२४ मध्ये छापून आलेल्या ट्रायँगल अभ्यासात ६५ वर्षांपर्यंतच्या ८७० रुग्णांचे तीन गट केले होते: जुन्या रीतीने केमो आणि प्रत्यारोपण, त्यात इब्रुटिनिब या गोळीची भर, आणि इब्रुटिनिब, पण प्रत्यारोपण नाही. तीन वर्षांनी उपचार फसला नव्हता अशांचं प्रमाण अनुक्रमे ७२%, ८८% आणि ८६% होतं. प्रत्यारोपण गाळून फारसं काही हरवलेलं दिसत नव्हतं, आणि त्याचा त्रास मात्र पूर्ण वाचत होता.

मी त्यांना त्या अभ्यासाचं नाव कागदावर लिहून दिलं. डॉक्टरांना काय विचारायचं, तेही लिहिलं: माझं वय, माझ्या गाठींचा प्रकार, टीपी५३ हे जनुक बदललेलं आहे का, माझं हृदय हे औषध सोसेल का, आणि माझ्यासारखे लोक या ८७० मध्ये होते का. काही आठवड्यांनी त्या परत भेटल्या. डॉक्टरांनी तो निबंध त्यांच्यासमोर उघडून बराच वेळ चर्चा केली होती आणि दोघांनी मिळून प्रत्यारोपणाशिवायचा मार्ग धरला होता. गोळ्यांनी हृदयाचे ठोके चुकतात का, यावर लक्ष ठेवायला सांगितलंय, त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून ईसीजीची तारीख काढून मला दाखवली.